बैठकीवरचा भुसा

१

सकाळी आठला शटर वर करायचं. जमिनीवर पाणी शिंपडायचं, कालचा भुसा झाडून पोत्यात भरायचा, रंध्याचं पातं दगडावर घासायचं, मग चहा. चोपन्न वर्षं हेच चाललंय. मी मेलो तरी माझे हात सकाळी उठून हे करून येतील, असं मी गमतीनं म्हणायचो. आता म्हणत नाही.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. तेव्हा इथे गोड भाषा शोधू नका.

वडिलांचा एक नियम होता. निघालेलं लाकूड फेकायचं नाही. खुर्चीचा पाय बदलला, टेबलाची फळी बदलली, तर जुन्या तुकड्यावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाची खूण करायची आणि तो माळ्यावर टाकायचा. कधी माप लागतं, कधी कोणी भांडायला येतं. वडील गेले, नियम राहिला. माझा माळा म्हणजे लंगड्या-थोट्यांचा दवाखाना आहे, फक्त बरं होऊन कोणी घरी जात नाही.

तर एक प्रोफेसर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आता रिटायर. उंच, वाकलेले, आणि एकदा बोलायला लागले की गळक्या नळासारखे. त्यांची वाचायची एक लाकडी खुर्ची होती. अठरा वर्षांत मी तिचा एकेक अवयव बदलला. आधी मागचा पाय, मग दोन्ही हात, मग उरलेले पाय, मग बैठक. यंदा पाठ चिरली, तीही नवी केली. घेऊन जायला आले तेव्हा खुर्चीभोवती फिरले आणि हसायला लागले.

"मिस्त्री, आता हिच्यात जुनं काय उरलं हो?"

"काही नाही. खिळासुद्धा नाही."

"मग ही माझीच खुर्ची की दुसरी?"

"तुमचीच. बसून बघा, तुमच्याच ढुंगणाच्या मापाची आहे."

"आणि जुने तुकडे?"

"माळ्यावर."

"समजा ते सगळे जोडले. मग ती कोणाची?"

असल्या प्रश्नांनी माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "प्रोफेसर, रिकाम्या घरात उंदीर नाचतात, तसं झालंय तुमच्या डोक्याचं. न्या ती खुर्ची."

ते खुर्ची घेऊन गेले. खाज मात्र माझ्या हाताला सुटली.

२

दोन दुपारी लागल्या. माळ्यावरून प्रोफेसरांच्या खुणेचे सगळे तुकडे काढले. वाळवीनं खाल्लेल्या पायात सरस आणि भुश्याचा लगदा भरला, चिरलेल्या पाठीला मागून पट्टी मारली. उभी राहिली खुर्ची, पण कशी, तर आजारपणातून उठलेल्या माणसासारखी. नुसतं मांजर बसलं तरी करकरायची. प्रोफेसर आले की दाखवू आणि विचारू, घ्या, आता बोला. तोवर ती मागच्या कोपऱ्यात ठेवली. तिथे गोल करवतीचं जुनं मशीन आहे, बंद पडलेलं. मी त्या कोपऱ्यात फारसा जात नाही.

कारखान्यात दिवसभर भुसा उडतो आणि रात्रभर खाली बसतो. सकाळी सगळ्यावर पिठासारखा थर असतो, टेबलावर, रेडिओवर, माझ्या चष्म्याच्या डबीवर. दुसऱ्या दिवशी झाडताना बघितलं, खुर्चीवरही थर होता. फक्त बैठकीवर मधोमध नव्हता. दोन मांड्या टेकतात तेवढी जागा पुसल्यासारखी स्वच्छ. हातांवर माणूस कोपरं टेकतो, तिथेही.

मांजर असणार, असं मी म्हटलं. पण मांजर गोल झोपतं, आणि केस सोडून जातं. मग वारा असेल. शटर बंद असताना दोन मांड्यांएवढाच वारा आत शिरतो का, हे मी स्वतःला विचारलं नाही. फडक्यानं सगळी खुर्ची पुसली आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तर भर दुपारी. फळ्या कापत होतो, भुश्याचा धुरळा उडालेला. जेवायला दहा मिनिटं बाहेर बसलो, आत आलो. सगळीकडे ताजा भुसा, आणि बैठक स्वच्छ.

३

त्या मशीनचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही.

मी एकोणतीसचा होतो, धाकटा भाऊ बावीसचा. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे वडिलांना कळत होतं, मलाही कळत होतं. करवतीच्या पात्यावर पत्र्याचं झाकण असतं, चार स्क्रूंनी बसवलेलं. काही कामांना ते काढावं लागतं. आमच्या कारखान्याचा नियम असा की झाकण काढलं तर खटक्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कोणी मशीनला हात लावायचा नाही. चिंधी नसेल तर झाकण आहे असं समजून चालायचं. कोणी वाकून बघत नसे. नियमावर भरवसा होता.

त्या दिवशी मी झाकण काढलं. खाचा पाडायच्या होत्या. चिंधी बांधली नाही, कारण दोन मिनिटांचं काम. मग विडी ओढायला बाहेर गेलो. भाऊ आला, खटका दाबला, सवयीनं पट्टी सरकवली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

वडील त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. मी मागे एकटा राहिलो. आणि मी काय केलं? पातं धुतलं. झाकण परत बसवलं. चौथा स्क्रू बोटांतून निसटला आणि घरंगळत लाकडांच्या थप्पीखाली गेला. मी तीनच आवळले. वडील परत आले तेव्हा म्हटलं, "झाकण होतं ना. त्यानंच खालून हात घातला. धांदरटच आहे तो."

भावाला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. शुद्ध हरपली ती दुसऱ्या दिवशी आली. त्यानं मला विचारलं, "दादा, काय झालं रे?" मी तेच सांगितलं. वडील म्हणाले, ज्याला हत्याराची अक्कल नाही त्यानं इथे पाय ठेवायचा नाही. त्याच महिन्यात त्याचं नाव धांद्या पडलं.

तो पुढे एका शाळेत शिपाई झाला, घंटा द्यायचा. घराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचा. काचेच्या कपातून कधी चहा प्यायला नाही, स्टीलचा पेला. मुलगी झाली तेव्हा बायकोला म्हणाला, माझ्या हातात देऊ नकोस, मी धांद्या आहे, टाकीन. लांबूनच बघायचा तिच्याकडे. मी समोर बसलेलो होतो. पेढा खात होतो.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कुजका तुकडा बसवला तर मला झोप लागत नाही. सख्ख्या भावाच्या आत एक खोटा तुकडा बसवला, आणि त्यावर तो अख्खा माणूस उभा राहिला.

त्या झाकणाला अजून तीनच स्क्रू आहेत. बेचाळीस वर्षांत कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

४

प्रोफेसर आले तेव्हा मी खुर्ची दाखवली नाही. फडकं टाकून झाकून ठेवली होती. उलट मीच विषय काढला.

"तुमच्यात काय म्हणतात हो? माणूस म्हणजे नक्की काय? खुर्चीसारखाच बदलत जातो का?"

त्यांना काय, आंधळा मागतो एक डोळा. खोक्यावर मांडी ठोकून बसले. "हजारो वर्षं भांडतायत मिस्त्री. कोणी म्हणालं, आठवण म्हणजे माणूस. आठवतंय तेवढाच तू. दुसरा म्हणाला, मी माझ्या आत शोधायला गेलो तर थंडी सापडली, भूक सापडली, राग सापडला, पण हे ज्याला होतं तो कोणी सापडलाच नाही. नुसता ढीग, आणि वर नावाची चिठ्ठी. तिसरे म्हणतात, लोक ज्या नावानं हाक मारत राहतात ते आपण होत जातो."

हे ऐकून मी रंधा उगाचच पुसला.

"आणि फार जुने लोक म्हणत, ढीग असेल, पण आत एक साक्षी आहे. तो खात नाही, बोलत नाही, म्हातारा होत नाही. नुसता बसून बघतो."

कोपऱ्यात करकर झाली. प्रोफेसरांनी तिकडे बघितलं. मी म्हटलं, "लाकूड आहे, हवा बदलली की बोलतं."

मग विचारलं, "समजा एखाद्यानं चाळीस वर्षांपूर्वी काही वाईट केलं. तर ते आताच्या माणसाला लागतं का? केस बदलले, दात बदलले, रक्तही बदललं असेल."

"कोणाबद्दल विचारताय?"

"आहे एक गिऱ्हाईक."

ते हसले नाहीत. "ढीगवाल्यांचं ऐकलं तर नाही लागत. तो माणूस केव्हाच संपला. पण मिस्त्री, त्या गिऱ्हाइकाला सांगा, मग माफीही त्याला लागणार नाही. शिक्षा आणि माफी दोन्ही ज्यानं केलं त्याच्याकडेच जातात."

मी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. सोयीचं लाकूड उचलायची जुनी सवय.

५

चार दिवसांनी भावजयीचा फोन आला. दुपारचे तीन वाजलेले.

"भाऊजी, यांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता. दिवसभर एकच लावलंय. दादाला विचार, झाकण होतं का नव्हतं. एवढं एकदा खरं सांग म्हणावं, मग मी मोकळा. काय झाकण, कसलं झाकण, मला काही कळत नाही. येऊन जाता का?"

"होतं म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा ना येऊन. मरणाऱ्या माणसाला फोनवरून काय सांगायचं?"

"माझ्याकडे काम आहे," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. काम काही नव्हतं. एका पाटाचे पाय होते.

मला संताप आला. कोणाचा, ते लिहायला नको. मी कोपऱ्यात गेलो आणि खुर्चीवरचं फडकं ओढलं. रिकामी खुर्ची. बैठक स्वच्छ. मी तिच्याकडे बोट करून ओरडलो, या वयात, एकटा, भर दिवसा, वेड्यासारखा: "मी नाही केलं ते! ज्यानं केलं तो मेला! आणि मेला नसशील तर जा, तूच सांग त्याला!"

करकर झाली. कोणी बसल्यावर होते तशी नाही. कोणी उठल्यावर होते तशी. दोन्हींत फरक असतो, तो मला कळतो.

मी शटर ओढलं आणि घरी गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा हत्यारं न आवरता, दिवा न मालवता.

६

दुसऱ्या दिवशी आठला शटर वर केलं. बैठकीवर भुश्याचा सारखा थर होता. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, मनाचे खेळ.

मग पाणी शिंपडताना थप्पीकडे लक्ष गेलं. त्या थप्पीखालचा भुसा वर्षानुवर्षांचा, घट्ट बसलेला. त्यात आत जाणारा एक लांब पट्टा उमटला होता. कोणीतरी पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून, काहीतरी बाहेर ओढलं होतं.

घूस असेल, मी म्हटलं. मोठी घूस.

मी खोक्यावर बसलो आणि तो स्क्रू आठवून बघितला. खोटं सांगत नाही, रोज आठवायचा तो मला. त्याचा घरंगळायचा आवाज, पात्यावरच्या पाण्याचा रंग, पातं पुसलेल्या ओल्या फडक्याचा वास. आता काहीच येईना. झाकण मी काढलं, हे मला ठाऊक होतं, पण जसं शेजाऱ्याच्या आजोबांचं नाव ठाऊक असतं तसं. ऐकलेलं. डोळ्यांपुढे चित्रच नाही. जिथे ते असायचं तिथे एक जागा होती, पुसल्यासारखी स्वच्छ.

फोन वाजला. भावजय. आवाज हलका झालेला.

"भाऊजी, काल आलात ते फार बरं केलंत. रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले. आज जमलं तर पुन्हा या, तुम्हाला बघून आनंद होईल त्यांना."

७

दुपारी चारला गेलो. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी. भावजयीनं दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कालचा कलप धुतलात वाटतं? बरं केलंत. इतके काळेभोर केस, या वयात शोभत नव्हते, पण तोंडावर कसं बोलायचं? आणि भुसा झटकून येत जा हो, सगळी गादी भरली होती."

मी चपला काढल्या. आत गेलो.

खिडकीशी पलंग. भाऊ उशीला टेकून बसला होता, हाडांचा सापळा. पण त्याच्या हातात काचेचा कप होता. दोन बोटांच्या त्या हातात. समोर किटली.

"ये रे. मीच ओतला हा चहा. बघ, एक थेंब सांडला नाही."

पलंगाशेजारी स्टूल होतं. त्यावर भुसा होता, आणि मधोमध दोन मांड्यांची स्वच्छ जागा. मी उभाच राहिलो.

इथे मला फक्त गप्प बसायचं होतं. कोणीतरी माझं काम करून गेलं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पण बेचाळीस वर्षांची नाही म्हणायची सवय, ती जिभेला भीतीच्याही आधी सापडते.

"मी काल आलो नव्हतो," मी म्हटलं.

त्यानं कप बशीवर टेकवला. "नव्हतास?"

"नाही. कारखान्यातून घरी गेलो. इकडे फिरकलोही नाही."

कप बशीवर वाजायला लागला. तो त्याला दुसऱ्या हातानं धरायला गेला आणि चहा चादरीवर सांडला. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, धांद्याचं, माफी मागणारं. "बघ, सांडलाच. मग... झाकण, दादा? होतं का?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगायचं म्हणूनच उघडलं. झाकण मी काढलं, तीन शब्द. पण आत शोधलं तर शब्दांच्या मागे कोणी उभं नव्हतं. आणि तोंडातून आलं, "मला नाही आठवत."

ते खरं होतं. उभ्या आयुष्यात त्याच्याशी या बाबतीत एकदाच खरं बोललो, आणि तेही असलं.

त्यानं उशीखाली हात घातला. दोन बोटांत धरून काहीतरी काढलं, तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. गंजलेला स्क्रू. थप्पीखालचा भुसा अजून त्याच्या आट्यांत अडकलेला. बघता बघता त्याचा हात स्थिर झाला.

"दादानं दिलाय," तो म्हणाला, माझ्याशी नव्हे, स्क्रूशी. "इथेच बसला होता. सगळं सांगितलं. चिंधीचं, विडीचं. लहान पोरासारखा रडला. मी म्हटलं, जाऊ दे रे, वेडा आहेस का."

मी विचारलं, "मग मला माफ केलंस ना?"

त्यानं मान वर केली. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, राग नाही, ओळखही नाही.

"दादाला केलं. तुम्ही काय केलंय?" तो म्हणाला. मग आत हाक मारली, "अगं, पाहुण्यांना चहा टाक. माझा सांडला."

८

तो सहा दिवसांनी गेला. मुलगी शेजारी होती, तिचा हात त्यानं आपल्या त्या हातात धरून ठेवला होता, असं भावजय सांगते. मी नव्हतो. मला बोलावणं आलं नाही, आणि भावजय तर मला सांगते की तुम्ही शेवटपर्यंत पायाशी बसून होतात, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत.

प्रोफेसरांना विचारायला गेलो होतो. दार उघडून म्हणाले, "बोला, कोणाकडे काम आहे?" त्यांची नजर अधू झालीय, असं त्यांची शेजारीण म्हणाली. असेल.

आज दिवसभर फळ्या कापल्या. धुरळा असा की समोरचं दिसेना. चारला नवं मशीन बंद केलं आणि कोपऱ्यात गेलो. खुर्चीवर बोटभर भुसा साठला होता, सारखा, कुठेही न मोडलेला. ज्याला बसायचं होतं त्याला आता बसायला दुसरी घरं आहेत.

मी वळलो आणि बसलो. चांगला ऐसपैस बसलो, कोपरं टेकली, पाठ टेकली. जुन्या मशीनकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "झाकण मी काढलं. चिंधी मी बांधली नाही. मी." कारखान्यात आवाज घुमतो, पण तो काही घुमला नाही. तीनदा म्हटलं. लाज वाटली की आधी कानशिलं तापतात, तेवढं तरी होईल म्हणून थांबलो. मग एकदम लक्षात आलं की मांजराच्या वजनानंही करकरणारी खुर्ची माझ्याखाली गप्प आहे.

मी उठलो. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

बैठकीवरचा भुसा जसाच्या तसा होता.